अवतारसमाप्ती नसलेले नायक

१

महाभारताची कथा युद्धाबरोबर संपत नाही. ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते. परंतु तिचा अर्थ आपण क्वचितच लक्षात घेतो. अठरा पर्वांपैकी सौप्तिकपर्व हे दहावे. तेथे संहार पुरा होतो आणि त्यानंतरही आठ पर्वे उरतात. त्यांत रणांगणावर नवऱ्यांची प्रेते शोधणाऱ्या स्त्रियांचा विलाप आहे, शरपंजरी पडलेल्या पितामहांनी विजयी राजाला केलेला राजधर्माचा उपदेश आहे, वणव्यात झालेला धृतराष्ट्राचा अंत आहे, यादवांचा आपसांतील नाश आहे, व्याधाच्या बाणाने झालेले कृष्णाचे निधन आहे आणि अखेरीस हिमालयाच्या वाटेवर एकेक करून कोसळणारे पांडव आहेत. विजयानंतर काय, हा प्रश्न व्यासांनी टाळलेला नाही. रामकथेचा शेवटही राज्याभिषेकात नसून शरयूच्या पात्रात आहे. मराठीत आपण संतमहात्म्यांच्या निर्वाणालाही ‘अवतारसमाप्ती’ म्हणतो. अवतार हा कार्यासाठी असतो आणि कार्य सरले की तो आवरता घ्यायचा असतो, ही कल्पना या शब्दात सहजपणे सामावलेली आहे.

विसाव्या शतकाने मात्र एक असा नायक निर्माण केला, ज्याला अवतारसमाप्ती नाही. सुपरहिरो या नावाने तो जगभर ओळखला जातो. त्याचे कार्य कधी सरत नाही, त्याचे वय वाढत नाही आणि पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा हजर व्हावेच लागते. त्याच्या चित्रकथांची समीक्षा आपल्याकडे फारशी झालेली नाही. झाली तेव्हा ती ‘मुलांवर होणाऱ्या परिणामां’पुरती आणि हिंसेच्या प्रमाणापुरती मर्यादित राहिली. प्रस्तुत निबंधातील प्रश्न निराळा आहे. ज्याच्या कृत्यांचे परिणाम त्याच्या स्वतःच्या आयुष्यात कधीच साचत नाहीत, अशा कर्त्याच्या कृत्याला नैतिक कृत्य म्हणता येईल काय? ‘निष्काम’ कर्त्याचा आदर्श आपल्या परंपरेने सांगितला आहे. परंतु निष्काम असणे आणि निष्परिणाम असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांची गल्लत झाली, तर तिची किंमत केवळ बालवाङ्मयाला मोजावी लागत नाही.

२

या नायकाचा जन्म १९३८ सालचा. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी कल्पिलेला सुपरमॅन त्या वर्षी ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. पुढच्याच वर्षी बॅटमॅन आला. सुपरमॅनचे सर्व हक्क त्याच्या जनकांनी १३० डॉलरना विकले होते. तो अमर झाला. ते मात्र उतारवयात विपन्नावस्थेत होते आणि १९७५ मध्ये जनमताच्या रेट्याखाली त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन व श्रेय मिळाले. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्या टीकेनंतर अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःसाठी एक संहिता केली. प्रत्येक वेळी चांगल्याचाच विजय व्हावा आणि गुन्हेगाराला शासन व्हावे, अशी तिची अट होती. विजय सक्तीचा झाला; विजयानंतरच्या आयुष्याबद्दल मात्र ती संहिता काहीच बोलत नव्हती.

उंबेर्तो एको या इटालियन विचारवंताने १९६२ मध्ये सुपरमॅनवर लिहिताना या प्रश्नाच्या मुळाला हात घातला. पुराणातील नायकाची कथा आधीच घडून गेलेली असते. कादंबरीतील नायक काळाबरोबर झिजत जातो. सुपरमॅनला मात्र दोन्हींचा लाभ हवा असतो. तो झिजला तर मालिका संपेल, म्हणून त्याच्या जगात काळच धूसर ठेवावा लागतो, असे एकोचे प्रतिपादन आहे. ते महत्त्वाचे आहे. परंतु काळाकडे पाहण्याची आपली रीत वेगळी असल्यामुळे ते आपल्याला पुरेसे वाटू नये. अमरत्व हा आपल्याकडे नेहमीच वर नव्हता. अश्वत्थाम्याला ते शाप म्हणून मिळाले. रात्री झोपलेल्यांना मारणाऱ्याला मरणाची सुटका नाही, तो कपाळीची जखम घेऊन भटकत राहील, ही शिक्षा ज्या परंपरेला सुचली, तिला न मरणाऱ्या योद्ध्याकडे पाहून सहजासहजी टाळ्या वाजवता येणार नाहीत.

३

भारतीय वाचकांपर्यंत हा नायक पोचला तो प्रथम एका जुन्या चुलत्याच्या रूपाने. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला ‘फँटम’ टाइम्स समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून १९६४ पासून इकडे आला आणि १९९० पर्यंत अनेक भारतीय भाषांत वाचला गेला. मराठीत त्याचे नामकरण ‘वेताळ’ असे झाले. हे भाषांतर वाटते तितके साधे नाही. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा ग्रामरक्षक दैवत आहे. रात्री तो गावाची फेरी करतो अशी श्रद्धा आहे. परक्या जंगलावर अधिकार गाजवणारा गोरा माणूस या नावामुळे आपल्या वेशीवरचा राखणदार होऊन गेला. त्या प्रतिमेतील वसाहतवाद मराठी वाचकाला फारसा खुपला नाही, याचे एक कारण हे नावही असावे.

पण वेताळाच्या कथेत एक गोष्ट अशी होती, जी नंतरच्या नायकांत उरली नाही. वेताळ मरत असे. आपण ज्याच्या कथा वाचत होतो, तो एकविसावा वेताळ होता. आधीचे वीस कवटीच्या गुहेत पुरलेले होते आणि त्यांच्या कारकिर्दींच्या बखरी तेथेच रचून ठेवलेल्या होत्या. लोक त्याला अमर समजत. वाचकाला ठाऊक असे की अमर आहे ती गादी, गादीवरचा माणूस नव्हे. आपल्याकडील पीठे, फड आणि संस्थाने याच तत्त्वावर चालत आली. येथे मृत्यूला जागा होती, म्हणून वारशाला जागा होती. आणि वारसा असला की मागच्याने काय केले याचा हिशेबही पुढच्याकडे येतो.

भारतीय चित्रकथेची दुसरी शाखा दिल्लीतील एका अनुभवातून फुटली. १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत ग्रीक पुराणांवरील प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे अनंत पै यांनी पाहिले आणि त्यातून ‘अमर चित्रकथा’ उभी राहिली, असे ते सांगत. या मालिकेच्या विचारसरणीवर पुष्कळ टीका झाली आहे, आणि ती अस्थानी नाही. तथापि तिच्या बत्तीस पानी रूपबंधाचा एक गुण मान्य करायला हवा. तेथे एक आयुष्य एका अंकात आरंभापासून शेवटापर्यंत जात असे. कर्ण त्याच अंकात जन्मे आणि त्याच अंकात मरे. नावात ‘अमर’ असले, तरी तिचे नायक मर्त्य होते.

४

दिल्लीने सुपरहिरोला खऱ्या अर्थाने भारतीय केले ते १९८० नंतरच्या दशकात. त्यापूर्वी प्राणकुमार शर्मा यांचे ‘चाचा चौधरी’ लोकप्रिय झाले होते. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या डायमंड कॉमिक्सने त्यांना घरोघर नेले. चाचा हा पागोटे घातलेला म्हातारा, आणि बळ त्याच्या सोबत्याचे, गुरू ग्रहावरून आलेल्या साबूचे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की प्राण यांच्या जगात अमर आहे तो खलनायक. राका नावाचा दरोडेखोर वैद्याचे औषध पिऊन अमर झाला आहे. त्याला मारता येत नाही. फक्त दर वेळी कोठेतरी अडकवून ठेवता येते. अमरत्व दुष्टाकडे आणि म्हातारपण नायकाकडे, ही वाटणी विनोदी असली तरी तिच्यात पारंपरिक शहाणपण आहे.

१९८६ मध्ये राजकुमार गुप्ता यांच्या राजा पॉकेट बुक्समधून राज कॉमिक्स निघाले. दिल्लीच्या उत्तर टोकाला बुराडी येथे त्यांचे कार्यालय होते. हिंदी रहस्यकथांच्या स्वस्त पुस्तकांचा तो व्यवसाय. रेल्वे फलाटावरील टपऱ्या, बसस्थानके आणि गल्लीतील भाड्याने पुस्तके देणारी दुकाने ही त्याची वितरणव्यवस्था. त्यांचा पहिला मोठा नायक म्हणजे नागराज. परशुराम शर्मा यांनी लिहिलेली त्याची पहिली कथा पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी रेखाटली. अमर चित्रकथेसाठी पुराणपुरुष चितारणाऱ्या या मराठी हातानेच नागराजाला देह दिला. म्हणून त्याच्या स्नायूंत अमेरिकी व्यायामशाळेपेक्षा आपल्या दिनदर्शिकांवरील देवांचा अंश अधिक दिसतो.

नागराजाच्या आरंभीच्या कथेत एक खरा नैतिक प्रश्न होता. प्राध्यापक नागमणी हा दुष्ट शास्त्रज्ञ त्याला अतिरेक्यांना भाड्याने देण्यासाठी शस्त्र म्हणून घडवतो. त्याच्या मस्तकात एक कुपी बसवलेली आहे. तिच्यामुळे तो धन्याच्या ताब्यात राहतो. पहिल्याच कामगिरीवर त्याची गाठ गोरखनाथांशी पडते आणि ते ती कुपी काढून टाकतात. ज्ञानेश्वरांच्या गुरुपरंपरेत गोरक्षनाथांना मानणाऱ्या मराठी वाचकाला या प्रसंगात दीक्षेची खूण दिसेल. शस्त्राला जाग येते आणि ते शस्त्र कोणावर चालायचे हे स्वतः ठरवू लागते. पराधीन असताना जे केले, त्याची जबाबदारी आता कोणाची? मुक्त झालेल्याने पूर्वीच्या धन्याची हत्यारे वापरावीत काय? या प्रश्नांतून एक थोर कथा निघाली असती.

मालिकेला ते परवडणारे नव्हते. नागराज देशोदेशी अतिरेक्यांचा नाश करत फिरला. पुढे तो महानगर नावाच्या शहरात स्थिरावला. मग त्याच्या जन्माची नवी हकीकत आली. तो प्रयोगशाळेतील निर्मिती नव्हताच. तक्षकराज आणि ललिता या राजाराणीचा तो हरवलेला पुत्र होता. मालिका लांबली की मूळ कथा अशी पुन्हा लिहावी लागते. अमेरिकेतही हेच घडत आले. पण या बदलाने काय गमावले, ते पाहायला हवे. गुलामगिरीतून जागा झालेला जीव होता, त्याच्या जागी वंशाने श्रेष्ठ असलेला राजपुत्र आला. कर्णाला आपले कुळ कळते तेव्हा त्याचे आयुष्य दुभंगते. ज्यांच्याशी लढायचे ते आपलेच भाऊ आहेत हे ज्ञान त्याला मरेपर्यंत वाहावे लागते. नागराजाला कुळ कळते तेव्हा त्याच्या प्रतिष्ठेत भर पडते, एवढेच. सत्य कळण्याचाही परिणाम होऊ नये, ही न संपणाऱ्या मालिकेची गरज असते.

५

राज कॉमिक्सचे दुसरे दोन नायक शेजारीशेजारी ठेवले, म्हणजे हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. १९८७ मध्ये अनुपम सिन्हा यांनी सुपर कमांडो ध्रुव निर्माण केला. सर्कशीतील कसरतपटूंचा हा मुलगा. प्रतिस्पर्धी सर्कशीने लावलेल्या आगीत त्याचे आईवडील आणि त्याचे सगळे जग जळून गेले. त्याच्याकडे दैवी शक्ती नाही. बुद्धी, चापल्य आणि प्राण्यांशी संवाद एवढेच त्याचे भांडवल. तो मुखवटा घालत नाही, आणि मारत नाही. गुन्हेगाराला कायद्याच्या हाती देणे, हा त्याचा नेम. सूडाच्या जागी न्याय ठेवणारा हा नायक त्या काळच्या वाचकांना भावला, यात त्यांच्या अभिरुचीचे श्रेय आहे.

१९९२ मध्ये ‘कर्फ्यू’ या अंकातून डोगा आला. चंबळच्या खोऱ्यात उकिरड्यावर टाकलेले अर्भक, हलकान सिंग या दरोडेखोराच्या क्रौर्यात वाढलेले. पुढे मुंबईत व्यायामशाळेत घडलेले. कुत्र्याचा मुखवटा आणि हातात बंदूक. डोगा गुन्हेगाराला पोलिसांकडे सोपवत नाही, ठार करतो. मुंबई हे त्याचे शहर, आणि १९९२ च्या डिसेंबरात त्या शहराने खरी संचारबंदी अनुभवली. दिल्लीत बसून कल्पिलेल्या या मुंबईत कायद्यावरचा जो संपूर्ण अविश्वास दिसतो, तो निराधार होता असे कोणी म्हणू नये. १९८४ ची दिल्ली आणि १९९२-९३ ची मुंबई पाहिलेल्या माणसाला न्यायालयाची वाट पाहा असे सांगणे सोपे नव्हते.

वरवर पाहता येथे अहिंसक आणि हिंसक असे दोन नीतिमार्ग दिसतात. प्रकाशनाच्या अंगाने पाहिले की दोघेही एकाच अडचणीचे दोन उपाय ठरतात. ध्रुव मारत नाही, म्हणून ग्रँड मास्टर रोबो, चंडकाल, ध्वनिराज हे पुन्हा पुन्हा परत येतात. तुरुंग ही तेथे खलनायकाची पुढच्या अंकापर्यंतची धर्मशाळा असते. ध्रुवाचा संयम खरा आहे, पण त्याच्या संयमाची किंमत पुढच्या वेळी ज्यांना भोगावी लागते, त्या नगरवासीयांना कथेत नाव नसते. डोगा मारतो, म्हणून त्याचा शत्रू परत येत नाही. पण मालिका तर चालली पाहिजे. मग कोणीतरी दुसरे अमर व्हावे लागते. डोगाच्या कथांत शहराचे पापच अमर होते. कितीही माणसे मारली तरी मुंबई स्वच्छ होत नाही. ती झाली तर डोगाचे काम संपेल.

या दोहोंत दुसरा उपाय मला अधिक घातक वाटतो. खलनायक पुन्हा येतो तेव्हा वाचकाला निदान ते कृतक वाटते, तो हसून सोडून देतो. शहर असाध्य रोगी आहे आणि त्यावर बंदूक हेच नित्याचे औषध आहे, हे मात्र कृतक वाटत नाही. ते वास्तववाद म्हणून मनात उतरते. मारणाऱ्याच्या हाताला रक्त लागते, हे प्रत्येक पानावर रंगवलेले असते. ते रक्त त्याच्या झोपेत, त्याच्या नात्यांत, त्याच्या म्हातारपणात शिरत नाही, कारण त्याला म्हातारपणच नाही.

ध्रुव या नावाचाही येथे विचार करण्याजोगा आहे. पुराणातील बाळ ध्रुवाला अढळपदाचा वर मिळाला, पण त्याने आधी राज्य केले, संसार केला, आणि आयुष्याच्या अखेरीस तो त्या पदावर गेला. कॉमिकमधील ध्रुवाला अढळपद आरंभीच मिळाले. ज्या पदावर चढायचे ते आयुष्यभराच्या आचरणाचे फळ, ही कल्पना तेथे उलटी झाली.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला दिल्लीकराला लगेच सुचेल. पश्चिम दिल्लीतील तितारपूर येथे दरवर्षी रावणाचे पुतळे बांबू-कागदांनी उभे राहतात आणि विजयादशमीला शहरभर जाळले जातात. पुढच्या वर्षी पुन्हा रावण, पुन्हा दहन. मग पुनरावृत्ती हा केवळ कॉमिकचाच दोष कसा? भेद असा आहे की रामलीला दरवर्षी पुरी होते. वनवास, हरण, युद्ध, परत येणे, भरताची भेट, अभिषेक. एक आयुष्य वर्तुळाकार पूर्ण होते आणि नव्याने आरंभापासून सुरू होते. त्याला आपण आवर्तन म्हणतो. मालिकेत आवर्तन नसते. तेथे लांबण असते. आवर्तनात माणूस दरवर्षी त्याच कथेकडे बदललेला होऊन येतो. लांबणीत कथा त्याला एक महिना पुढे ढकलते.

दुसरा आक्षेप असा, की हे मुलांचे मनोरंजन आहे. त्याकडून शांतिपर्वाची अपेक्षा कशाला? मुलांची नीतिबुद्धी आपण समजतो त्याहून कठोर असते. आजीने सांगितलेल्या गोष्टीत राक्षस मेला, तर मूल पहिला प्रश्न विचारते तो ‘मग काय झाले?’ हा. त्या प्रश्नाला मालिका ‘पुढील अंकी’ असे उत्तर देते. आणि मालिकेच्या रूपातही परिणाम टिकवता येतो, याचा दाखला आहे. १९७३ मध्ये स्पायडरमॅनच्या कथेत ग्वेन स्टेसी ही त्याची प्रेयसी मरण पावली. तिला वाचवण्यासाठी त्याने फेकलेला धागाच तिच्या मरणाला कारण ठरावा, अशी त्या प्रसंगाची योजना होती. तिचे मरण मालिकेने मागे घेतले नाही, म्हणून वाचक ते विसरले नाहीत. उलट १९९२ मध्ये, डोगाच्या जन्मवर्षीच, मोठा गाजावाजा करून सुपरमॅनला मारण्यात आले आणि पुढच्याच वर्षी जिवंत करण्यात आले. मरणही एक घोषणा होऊन बसले.

७

मग हा नायक संपत का नाही? याचे उत्तर कलेत शोधू नये. ते मालकीत आहे. राम आणि कृष्ण कोणाच्या मालकीचे नाहीत, म्हणून त्यांना मरता येते. सांगणाऱ्याने कथा संपवली तरी कोणाचे दिवाळे निघत नाही. सुपरहिरो ही मिळकत असते. तिचा अंत करणे म्हणजे चालते दुकान बंद करणे. नागराज जन्मला त्याच १९८६ साली अमेरिकेत ‘वॉचमेन’ ही बारा अंकांची, स्वतःचा शेवट असलेली कथा सुरू झाली. महानायकांच्या कृत्यांचा हिशेब मागणारी ही कथा ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी पुरी केली. पण मालकी प्रकाशकाकडे असल्याने २०१२ पासून तिलाही मागेपुढे जोड लावण्यात आले. संपलेल्याला संपू दिले गेले नाही.

राज कॉमिक्सलाही शेवटाची ओढ कधीतरी जाणवली असावी. २००७ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘नागायण’ या आठ भागांच्या मालिकेत नागराज आणि ध्रुव भविष्यकाळात, वयाने वाढलेले दिसतात. वरण कांडापासून इति कांडापर्यंत रामायणाच्या धर्तीवर ती रचलेली आहे. शेवट हवा झाला तेव्हा या दिल्लीच्या प्रकाशकाला महाकाव्याचाच साचा घ्यावा लागला, आणि शेवटच्या भागाला ‘इति’ हाच शब्द सापडला, ही गोष्ट बोलकी आहे. परंतु तो काळ मुख्य मालिकेला बांधील नव्हता. ‘इति’ झाल्यावरही नागराजाचे नेहमीचे अंक निघत राहिले. आज राज कॉमिक्स हे नाव त्याच घराण्यातील तीन स्वतंत्र प्रकाशनांकडे आहे. वडिलार्जित जमिनीची वाटणी व्हावी तशी नायकांच्या कथांची वाट तीन ठिकाणांहून जाते. पुनर्मुद्रणे बहुतांशी चाळिशी गाठलेले वाचक घेतात. दर्यागंजचा रविवारचा जुन्या पुस्तकांचा बाजार २०१९ मध्ये पदपथावरून महिला हाटच्या आवारात हलला. या वाचकांचे बालपण अशा बाजारांतील गठ्ठ्यांत बांधलेले असते. नायक तेवढाच तरुण आहे; त्याला शोधणारे हात सुरकुतले आहेत.

८

या सगळ्याची झळ कागदाबाहेर कोठे लागते, हे सांगितल्याशिवाय हा निबंध पुरा होणार नाही. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ एका तरुणीवरील अत्याचार व हत्येच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. गुन्हा काळीज गोठवणारा होता. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, मिठाई वाटली. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल मे २०२२ मध्ये खुला झाला. आरोपींवर मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, पोलिसांची हकीकत विश्वासार्ह नाही आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असे आयोगाचे निष्कर्ष होते. संबंधित पोलिसांवर खटला चालवावा, असेही त्याने सुचवले.

कॉमिक वाचून कोणी फुले उधळली, असे म्हणणे हास्यास्पद होईल. माझे म्हणणे एवढेच की फुले उधळणाऱ्या समाजाला कथेचा जो भाग पाठ होता, त्यात मे २०२२ येत नाही. गोळी सुटते, दुष्ट पडतो, अंक संपतो. अहवालाचे पान हे शांतिपर्वाचे पान आहे. ते वाचायला तेवढी गर्दी जमत नाही. मारण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर माणसे प्रामाणिकपणे भिन्न मते बाळगू शकतात. पण मारल्यानंतर मारणाऱ्याने काय वाहायचे, हा प्रश्नच ज्या कल्पनाशक्तीत उरलेला नाही, ती कल्पनाशक्ती न्याय करू शकणार नाही. तिला फक्त विजय ओळखता येतो.

गीतेने अर्जुनाला फळाची आशा सोडायला सांगितली. फळ भोगायचे नाही, असे सांगितलेले नाही. त्याला अठराही दिवस लढावे लागले, आणि अभिमन्यूचे मरण सोसावे लागले. कृष्ण गेल्यावर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघाला असता वाटेतील लुटारूंपुढे त्याचे गांडीव निकामी ठरले. निष्काम कर्त्यालाही हा दिवस चुकला नाही. ज्या महानायकाला हा दिवस कधीच येत नाही, तो अर्जुनाहून बलवान असेल. त्याची कृत्ये मात्र अर्जुनाच्या कृत्यांइतकी भारी होत नाहीत, कारण ती कोणी वाहत नाही.

यावरून या चित्रकथांवर बंदी घालावी, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. बंद्यांचा इतिहास फारसा आशादायक नाही. १९५४ च्या संहितेने विजय सक्तीचा केला आणि विचार पातळ केला. चित्रकथा ही समर्थ कला आहे आणि प्रताप मुळीक, अनुपम सिन्हा यांच्यासारख्यांनी तिच्यात आयुष्ये घातली आहेत. मागणी करायची तर ती लेखकांकडे आणि वाचकांकडे करावी लागेल. ध्रुवाला एकदा म्हातारा होऊ द्या. डोगाने मारलेल्या एखाद्याच्या मुलाला त्याच्या दारी येऊ द्या आणि त्या दोघांच्या बोलण्याचा एक पूर्ण अंक काढा. त्या अंकात एकही गोळी सुटणार नाही. तरीही तो वाचकाच्या मनात घर करील.

कोणी गेले की त्याच्या मागे जे करावे लागते, त्याला आपल्या भाषेत उत्तरकार्य म्हणतात. ते करणाऱ्याला मृताशी आपले नाते मान्य करावे लागते, मग तो मृत आप्त असो की कुरुक्षेत्रावर पडलेला शत्रू. स्त्रीपर्वात युधिष्ठिराने दोन्ही बाजूंच्या मृतांचे संस्कार केले, ज्यांचे कोणी उरले नव्हते त्यांचेही. विजयी माणसाचे पहिले काम व्यासांना हेच वाटले. पराक्रमाच्या कथा आपण मुलांना सांगत राहू. त्यात गैर काही नाही. त्या कथांना उत्तरकार्य जोडण्याचे काम मात्र पुढच्या अंकावर ढकलता येणार नाही.